शेततळं खोदायच्या आधी: कुठली परवानगी लागते, कुठली लागत नाही

उन्हाळा लागला की आमच्या खटाव-माणच्या पट्ट्यात दर दोन-चार शिवारांआड एखादं पोकलेन घरघरताना दिसतं. तळं खोदायचं मनानं घेतलं की माणूस आधी मशिनवाल्याला फोन लावतो, तासाचा दर पाडून मागतो आणि कागदांचं 'बघू नंतर' म्हणून सोडून देतो. पुढं मग अनुदान अडतं, मुरमाच्या दंडाची नोटीस येते, नाहीतर खालच्या अंगाचा शेतकरी तहसीलला अर्ज टाकतो. मी स्वतः ही वाट चालून आलोय. भावकीतल्या आणि पाहुण्यांतल्या काही जणांच्या फायली घेऊनही तालुक्याला फिरलोय. कोणत्या टेबलाला काय लागतं आणि कुठं काहीच लागत नाही, ते क्रमानं लिहितो. उदाहरणं सातारा-सांगलीची आहेत, कायदा सगळ्या राज्याला एकच.

१. पाणी येणार कुठून, हे आधी ठरवा

तळं केवढं, आत अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद किती मायक्रॉनचा, अनुदान किती, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न पाण्याचा. उत्तर तीनपैकी एक असतं आणि प्रत्येक उत्तराचं ऑफिस वेगळं.

पहिलं उत्तर: माझ्याच रानात पडणारा पाऊस, उताराला लावून घेईन. हे सगळ्यात सोपं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ नुसार शेतजमीन धारण करणाऱ्याला शेती सुधारण्यासाठी आपल्या जमिनीत विहीर, तळं किंवा तशी सुधारणा करायचा हक्कच आहे. बिगरशेती करावी लागत नाही. 'एनए केल्याशिवाय तळं खोदता येत नाही' असं कुणी सांगितलं तर कलम ४१ दाखवा.

दुसरं उत्तर: रानातून ओढा जातो, तो अडवेन. इथं गाडी बदलते. त्याच संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव आणि त्यातलं वाहतं पाणी शासनाचं. ओढ्याचे दोन्ही काठ तुमचे असले तरी मधलं पात्र तुमचं होत नाही. तिथं काहीही पक्कं बांधायचं तर मुद्दा ७ वाचा.

तिसरं उत्तर: विहिरीचं, बोअरचं किंवा कॅनॉलचं पाणी आणून साठवीन. तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं बरीचशी अशाच तळ्यांवर उन्हाळा काढतात. खोदाईला अडचण नाही, भरण्याला आहे. ते शेवटी सांगतो.

घोळ होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या उत्तराच्या सीमेवर. रानातून एक उथळ ओघळ जात असते. आजोबांनी ती नांगरून टाकलेली असते, गेल्या दहा पावसाळ्यांत तिला पाणी आलेलं नसतं, आणि आपण तिला आपलंच रान धरून चालतो. पण गावनकाशात तिथं ओढा दाखवलेला असेल तर कागदोपत्री तो ओढाच. म्हणून तलाठ्याकडं जाताना गट नंबर सांगून 'भाऊसाहेब, नकाशात ह्या गटातनं ओढा दिसतोय का?' एवढं विचारा. भू-नकाशा संकेतस्थळावर गट बघता येतो, पण बारीक ओघळींसाठी तलाठ्याकडचा किंवा भूमी अभिलेखमधला जुना नकाशा जास्त बोलका असतो.

अजून एक अफवा: धरण म्हटलं की 'धरण सुरक्षा कायदा' लागतो म्हणतात. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक मोठ्या धरणांना लागू आहे. तीन मीटर खोल शेततळ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

२. सातबारा वरपासून खालपर्यंत वाचा

सातबारा सगळ्यांकडं असतो, वाचलेला फार थोड्यांनी असतो. बघायच्या जागा चार:

- भोगवटादार वर्ग. 'वर्ग-१' असेल तर पुढं चला. 'वर्ग-२' असेल, म्हणजे वतनाची, इनामाची, शासनानं दिलेली किंवा पुनर्वसनात मिळालेली जमीन, तर ती कुठल्या अटीवर दिली तो आदेश काढून वाचा आणि तहसीलला लेखी विचारा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोयना, वारणा, उरमोडी असल्या धरणांखाली गेलेल्यांच्या पुनर्वसनाच्या जमिनी गावोगाव आहेत, त्यामुळं हा शेरा नवलाचा नाही.
- सहहिस्सेदार. सातबाऱ्यावर चुलत्यांची, बहिणींची नावं असतील तर त्यांची संमती लागते. 'वाटप तोंडी झालंय, सगळ्यांना माहितीय' हे ऑफिसात चालत नाही. बहिणी सासरी वेगवेगळ्या जिल्ह्यांत असतात, त्यांच्या सह्या गोळा करायला गावची जत्रा किंवा दिवाळी हाच खरा मुहूर्त. तेव्हाच उरकून घ्या.
- इतर हक्क. इथं सोसायटीचा, बँकेचा बोजा दिसतो. बोजा असला म्हणून तळं अडत नाही. पण कॅनॉल, रस्ता किंवा पाइपलाइनसाठी संपादनाचा शेरा असेल तर तो तुकडा सोडूनच जागा धरा.
- वनाचा शेरा. डोंगरकडेच्या गटांवर 'वन' किंवा 'खाजगी वन' असा शेरा सापडतो. असेल तर थांबा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारा. नुसता शेजारचा गट वनाचा असेल तर आधी हद्द कायम करून घ्या.

पश्चिमेकडच्या मंडळींसाठी वेगळी टीप. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून केंद्र सरकारनं जाहीर केलेलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांची काही गावं कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहेत. तिथं खोदाईसाठी मशिन आणण्याआधी तहसील आणि वनविभाग दोन्हीकडं अर्ज टाका. कडेगावात सागरेश्वर अभयारण्याच्या कडेला जमीन असेल त्यांनीही. ह्या लेखातल्या 'परवानगी लागत नाही' वाक्यांवर अशा गावांनी विसंबू नये.

३. जागा: खाली काय, वर काय, कडेला काय

जागा निवडायला कृषी सहायकाला बोलवा (पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, गावात अजून सगळे कृषी सहायकच म्हणतात). योजनेतून करणार असाल तर त्यांनी दाखवलेल्या जागीच खोदावं लागतं. स्वखर्चानं करत असाल तरी त्यांचा डोळा उपयोगी पडतो.

पण ते जमिनीखालचं बघत नाहीत, ते तुम्ही बघायचं. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात आता बऱ्याच ठिकाणी पाणी बंदिस्त नळातून जातं. त्यात सहकारी उपसा संस्थांच्या जुन्या पाइपलाइनी आणि शेजाऱ्यानं पंधरा वर्षांपूर्वी तुमच्याच वडिलांना विचारून नेलेली चार इंची लाइन. पोकलेनच्या बकेटला यातलं काही दिसत नाही. फुटली की भरपाई तुमच्या गळ्यात आणि ऐन पाळीत पाणी बंद झाल्याबद्दल सगळ्या शिवाराच्या शिव्या वेगळ्या. म्हणून संस्थेच्या सचिवाला किंवा पाटकऱ्याला जागेवर आणून, लाइन जाते तिथं चुना टाकून घ्या.

वर वीजवाहिनी असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयाला विचारल्याशिवाय तिच्याखाली तळं धरू नका. मशिनचा हात तारेला लागल्यावर काय होतं ते सांगायला नको.

जागेत झाड असेल तर तोडायच्या आधी बघा कुठलं आहे. आंबा, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, ऐन अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, ती खाजगी रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बोर, बाभळीला एवढा त्रास नाही.

हद्दीवर वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, मगच बांधाजवळ जा. मोजणीला वेळ लागतो, हे धरूनच दिवाळीच्या सुमाराला अर्ज करा. फेब्रुवारीत जाग आली तर मोजणीदार यायच्या आधी पाऊस येईल.

४. योजनेतून करायचं असेल तर

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा कमाल ५० हजार रुपये मिळत. आता वैयक्तिक शेततळं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आहे आणि आकारमानानुसार कमाल ७५ हजारांपर्यंत अनुदान आहे. मापं १५×१५×३ मीटरपासून ३४×३४×३ मीटरपर्यंत. आपल्या भागात नावावर किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते, आणि आधी कुठल्याही शासकीय योजनेतून तळं घेतलेलं नसावं.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे लोक ज्याला 'फार्मर आयडी' म्हणतात, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. तो काढला नसेल तर आधी तेवढं करा. आत 'सिंचन साधने व सुविधा' मध्ये 'वैयक्तिक शेततळे' हा पर्याय आहे. फी २३ रुपये ६० पैसे. सेवा केंद्रवाला किती घेतो ते तुमच्या गावावर आणि त्याच्या मूडवर.

फॉर्म भरताना दोन ठिकाणी माणसं अडखळतात. एक, 'इनलेट-आउटलेटसह' की 'शिवाय'. पावसाचं वाहतं पाणी आत घ्यायचं असेल तर सह. पंपानं भरणार असाल तर शिवाय. दोन, माप. उगाच सगळ्यात मोठं माप टिचकी मारून ठेवू नका. पूर्वसंमती ज्या मापाला मिळाली ते प्रत्यक्ष खोदावं लागतं, आणि ३४ मीटरच्या तळ्याला चारी बाजूंचा बांध धरून रानाचा मोठा तुकडा जातो. एक एकरवाल्यानं तळ्याला अर्धं रान दिलं तर पाणी पाजायचं कशाला?

आता ज्या कारणानं सगळ्यात जास्त अनुदानं बुडतात ते: पूर्वसंमती हातात येण्याआधी खोदलं. 'नंबर लागलाय, मेसेज आलाय, मशिन शेजारच्या रानात आलंच आहे, घेऊ उरकून' हा विचार दर उन्हाळ्यात कुणीतरी करतो. मेसेज म्हणजे पूर्वसंमती नव्हे. मेसेजनंतर कागद अपलोड करायचे, त्यांची छाननी होते, स्थळपाहणी होते, मग पूर्वसंमती. खोदून झालेल्या तळ्याला पाहणीत 'जुनं काम' म्हणून लाल शेरा बसतो आणि तो पुसणारा अधिकारी मी तरी पाहिला नाही.

आगाऊ पैसे मिळत नाहीत. खर्च आधी तुमचा, मोजमाप झाल्यावर अनुदान आधारला जोडलेल्या बँक खात्यात. खातं आधारशी जोडलंय का हे अर्जाच्या वेळीच बघा. कागद टाकण्याचं म्हणजे अस्तरीकरणाचं अनुदान हा वेगळा घटक आहे, त्याचा अर्ज वेगळा.

जॉबकार्ड असेल तर रोजगार हमीतूनही शेततळं घेता येतं. तिथं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तुमचं काम यावं लागतं, म्हणजे ग्रामसभेला हजर राहा.

५. निघालेला मुरूम: सगळ्यात महागडा खड्डा

ह्या मुद्द्यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं लांबवतो.

३०×३०×३ मीटरचं तळं, काठाचा उतार एकास एक धरला, तर २,१९६ घनमीटर खोदाई होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. हिशोब केला तर सुमारे ७७६ ब्रास माती-मुरूम बाहेर येतो. हे वाचून थांबा आणि एवढा ढीग तुमच्या रानात कुठं बसेल ते डोळ्यांपुढं आणा.

काही बांधावर जाईल, काही खड्ड्या-ओघळीत भरेल, वरची चांगली माती बाजूच्या रानात पसरता येईल. आपल्याच गटातून निघालेली माती आपल्याच तळ्याच्या बांधाला आणि आपल्याच रानाला वापरली तर सहसा कुणी विचारायला येत नाही. तरीही मी तलाठ्याकडं साधा अर्ज देऊन ठेवा म्हणतो: गट अमुक, तळ्याचं माप अमुक, निघणारं गौण खनिज (म्हणजे ही माती-मुरूमच) याच गटात वापरणार. पोच घ्या.

खेळ बिघडतो तो मशिनवाला म्हणतो तेव्हा, 'मालक, मुरूम मला द्या, खोदाईचं अर्धंच घेतो.' ऐकायला फार गोड. पण मुरूम गटाबाहेर निघाला की तो गौण खनिजाची वाहतूक झाला. त्याला स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी भरावी लागते, ब्रासला ६०० रुपये प्रमाणे. वाहतुकीचा परवाना महाखनिज प्रणालीवरून काढावा लागतो. वरच्या ७७६ ब्रासची नुसती रॉयल्टी ४ लाख ६५ हजारांवर जाते. विनापरवाना नेलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ पोटकलम ७ खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड, शिवाय मशिन आणि डंपर जप्त. तहसीलदारांची गाडी आली की डंपरवाला पळतो, आणि पंचनामा होतो तो ज्या गटात खड्डा आहे त्या गटमालकाच्या नावानं. खड्डा कुठं पळत नाही.

मुरूम द्यायचाच असेल, समजा गावच्या पाणंद रस्त्याला, तर ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन तहसीलला आधी अर्ज करा आणि लेखी उत्तर आल्यावर डंपर लावा. 'सार्वजनिक कामाला दिला होता' हे नंतर सांगून भागत नाही.

६. कातळ लागला तर

दीड मीटरवर काळा कातळ लागणं आपल्याकडं नेहमीचं. ब्रेकर लावा, महाग पडला तरी. सुरुंग लावायचा झाला तर स्फोटकांचा परवाना असलेलाच माणूस लागतो. गावातल्या विहिरीवर काम केलेला 'जाणकार' कितीही भरवशाचा असला तरी त्याच्याकडं परवान्याची प्रत मागा, दिली नाही तर काम देऊ नका. योजनेत असाल आणि खोली कमी भरणार असेल, तर खोदाई थांबवून कृषी सहायकाला जागेवर बोलवा. माप बदलायचं ते त्यांच्या कागदावर बदलू द्या.

७. ओढ्यावरच बांध घालायचा असेल तर

एकट्या शेतकऱ्यानं स्वतःच्या नावावर ओढ्यात पक्का बंधारा बांधणं, हा विचार सोडून द्या. वाट गावातून जाते.

पावसाळ्याच्या शेवटी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. तात्पुरता असतो, लोकसहभागातून होतो, ग्रामपंचायत आणि कृषी सहायकाला सांगून दोन-तीन दिवसांत उरकतो. पुढच्या पुरात जातो, परत घालायचा.

पक्का सिमेंट नाला बांध, साठवण बंधारा किंवा पाझर तलाव हवा असेल तर क्रम साधारण असा:

क) ग्रामसभेचा ठराव. त्यात ओढ्याचं नाव, वरचा आणि खालचा गट नंबर, कुणाकुणाच्या रानात पाणी उभं राहणार, हे सगळं यावं. 'गावात बंधारा व्हावा' एवढ्याच ठरावाला ऑफिसात किंमत नसते.

ख) ठरावासह अर्ज जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला किंवा जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांना. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेकडं, त्यावरची ६०० हेक्टरपर्यंतची राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं. नाला बांधासारखी कामं दोन्हीकडं होतात, म्हणून तुमच्या तालुक्यातल्या उपविभागात आधी चौकशी करून मगच इनवर्ड करा.

ग) स्थळपाहणी आणि सर्वेक्षण. पाणलोट किती, पाया कुठं लागतो, वर-खाली आधीचे किती बंधारे आहेत, हे बघतात. त्याच ओढ्यावर वर दोन बंधारे असतील तर तिसऱ्याला 'पाणी शिल्लक नाही' हे उत्तर मिळू शकतं.

घ) पाणी उपलब्धता प्रमाणपत्र. साठवणाच्या कामांना जलसंपदा विभागाच्या नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयाकडून ते घ्यावं लागतं. आपण कृष्णा खोऱ्यात आहोत. कृष्णेचं पाणी लवादानं राज्याराज्यांत वाटून दिलंय, त्यामुळं खोऱ्यात साठवलेल्या पाण्याचा हिशोब ठेवला जातो. हा कागद तुम्ही आणायचा नसतो, विभाग मागवतो. पण फाईल कुठं अडकली विचाराल तेव्हा बऱ्याचदा उत्तर 'नाशिकला आहे' असं मिळेल.

च) बुडीतात ज्यांची गुंठाभर का होईना जमीन जाते त्यांची लेखी संमती. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा.

हे वाचून दम लागला असेल, आणि लागतोच. पण गावानं स्वतः धरण बांधल्याचं उदाहरण आपल्याच येरळेवर आहे. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा धरण उभं केलं. डॉ. भारत पाटणकर त्या चळवळीतले. ठेकेदारांकडून चाललेला बेसुमार वाळू उपसा थांबवा, आणि थोडीशी वाळू विकून धरणाला पैसा उभा करू द्या, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे त्यांनाही परवानगी मागावीच लागली, पाण्याची आणि वाळूचीही, आणि ती सहजासहजी मिळाली नाही. पाणी सगळ्यांत समान वाटायचं, भूमिहीनांनाही वाटा द्यायचा, हे त्यांनी बांधकामाआधीच ठरवलं होतं. ओढ्यावर गावाची एकी करायला निघालात तर ते वाटप आधी बोलून घ्या. बंधारा भरल्यावर बोलायला बसाल तर मोटारी आधी बोलतात.

८. खालच्या शेजाऱ्याचा अर्ज

तुमचं तळं पूर्णपणे कायदेशीर असलं तरी खालचा शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांपुढं दावा लावू शकतो. पृष्ठभागावरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी अडवून किंवा वळवून त्याच्या शेतीचं नुकसान केलं, असं त्याचं म्हणणं असतं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याला दावा करावा लागतो. तहसीलदार जागा बघतात आणि अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात.

यावर उपाय कागदाचा कमी आणि सांडव्याचा जास्त आहे. तळं भरल्यावर जादा पाणी जिथून पूर्वी वाहत होतं तिथूनच बाहेर पडलं पाहिजे. शेजाऱ्याच्या बांधावर तोंड काढलं की दावा आलाच म्हणून समजा. मशिन यायच्या आधी त्याला रानात बोलवा, सांडवा कुठं निघणार ते दाखवा. 'दादा, तुझ्या ताली फुटणार नाहीत अशी सोय करतो' एवढं बोललेलं पुष्कळ पुढं जातं. शक्य असेल तर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या. आधीचे म्हणजे खोदण्यापूर्वीचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, उतार आणि जुनी वाट दिसेल असे.

९. फाईल: काय काय लागतं

- सातबारा आणि ८अ, तीन महिन्यांच्या आतले, डिजिटल सहीचे
- गटाचा नकाशा, वाद असेल तर मोजणीची 'क' प्रत
- आधार, शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, नोटरी केलेलं
- अनुसूचित जाती किंवा जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला
- योजनेचं हमीपत्र आणि पूर्वसंमतीची छापील प्रत
- गौण खनिज याच गटात वापरण्याबद्दलच्या अर्जाची पोच
- मशिनचं बिल, तारीख पूर्वसंमतीच्या नंतरची

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणणाऱ्या टेबलावर काही ठेवून येऊ नका.

१०. खोदून झाल्यावर

पाणी भरायच्या आधी मोजमाप करून घ्या. ह्यात घाई करणारे पुष्कळ आहेत: वळीव येतो, तळ्यात पुरुषभर पाणी साठतं, आणि मग खोली मोजायला आलेला माणूस काठावर उभा राहून मान हलवतो. मोजणी टेपनं होते, तळाची लांबी-रुंदीही मोजतात, फोटो ठिकाणाच्या नोंदीसह काढतात. काठ ढासळून माप कमी भरलं तर अनुदानही तेवढंच.

मग सातबाऱ्यावर तळ्याची नोंद. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. योजनेत ही नोंद सक्तीची आहे, स्वखर्चाच्या तळ्याचीही करून घ्या. पुढं वाटप, कर्ज, संपादनाची भरपाई, सगळीकडं ती कामाला येते.

कुंपणाला अनुदान असो नसो, ते घालाच. कागद टाकलेल्या तळ्याचा काठ साबणासारखा निसरडा असतो, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात एखादी बातमी असते, बहुतेक वेळा शाळेच्या सुटीतली पोरं. चारी बाजूंनी जाळी, कुलूप लावलेलं फाटक, आणि चारी कोपऱ्यांतून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला. कागद घेताना आयएस १५३५१ चा शिक्का आणि ५०० मायक्रॉन बघा, पावतीवर दोन्ही लिहून घ्या.

११. बाहेरून पाणी आणून भरणार असाल तर

विहिरीतून पावसाळ्यात भरायला कुणी अडवत नाही. बोअरचं तसं नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ खाली ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. तळं भरायला म्हणून नवी खोल बोअर मारणार असाल तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमचं गाव भूजलाच्या कुठल्या वर्गवारीत येतं ते विचारा.

टेंभू, म्हैसाळ, ताकारी, उरमोडी, जिहे-कठापूर यांच्या पाण्यावर तळं भरायचं तर आवर्तनाआधी, म्हणजे कॅनॉलला पाणी सुटायच्या आधी, सात नंबरचा पाणी अर्ज शाखा कार्यालयात द्यावा लागतो. तुमच्या भागात पाणी वापर संस्था असेल तर संस्थेमार्फत. मागची पाणीपट्टी थकलेली असेल तर अर्ज तिथंच अडतो, म्हणून आधी थकबाकी विचारून घ्या. अर्जात क्षेत्र आणि पीक लिहायचं असतं. 'शेततळं भरणे' असं लिहू द्यायचं की नाही यावर दर शाखेत वेगळं ऐकायला मिळतं, तेव्हा शाखा अभियंत्यांना भेटून त्यांच्या सांगण्याप्रमाणं लिहा. कॅनॉलमध्ये परस्पर मोटार टाकून रात्री भरणाऱ्यांच्या मोटारी आवर्तनात जप्त होतात, वीज तोडली जाते, आणि पाणीपट्टी दंडासह लागते. अर्जाची पोच आणि पाणीपट्टीची पावती तळ्याच्याच फायलीत लावा, पुढच्या आवर्तनाला शाखेत पहिल्यांदा तीच मागतात.